ऑपरेशननंतर आतड्यात लपलेला रक्तस्राव: आधी ऑपरेशनचा कागद काढा

आतड्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत. ऑपरेशनच्या सकाळी हिमोग्लोबिन ११.२ होतं, आज ८.६ आलंय. ड्रेनच्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीच्या, पिशवीत जेमतेम ३० मिली गुलाबी पाणी आहे. पेशंटला अजून संडास झालेली नाही, उलटी नाही, टाके कोरडे आहेत. अशा वेळी वॉर्डात हमखास म्हटलं जातं, "सलाईन बरंच गेलंय, रक्त पातळ झालं असेल." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण खरं आहे की नाही ते तपासून ठरवायचं. आतड्यात गेलेलं रक्त डोळ्यांना दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात आणि तेवढी सवड दर वेळी मिळतेच असं नाही.

सलाईनने रक्त पातळ झालं असेल तर हिमोग्लोबिनसोबत प्लेटलेट आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही खाली येतात, नाडी शांत असते, लघवी भरपूर होते, आणि तिसऱ्या दिवसापासून जादा पाणी लघवीवाटे निघून गेलं की आकडा आपोआप थोडा वर सरकतो. रक्तस्रावात आकडा थांबत नाही. सहा तासांच्या अंतराने दोन नमुने घेतले तर दुसरा आणखी खाली येतो. नमुना सलाईन चालू असलेल्या हातातून कधीही घेऊ नये, दुसऱ्या हातातून घ्यावा. एवढ्याशा चुकीमुळे खोटा ७ येतो आणि नको असलेली रक्ताची पिशवी चढते.

याच्या उलटही होतं. अचानक अर्धा लिटर रक्त गेलं तरी पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन जवळपास तेच राहतं, कारण जे उरलंय ते तितकंच दाट असतं. शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढलं जातं तेव्हा आकडा उतरतो, आणि त्याला २४ ते ७२ तास लागतात. म्हणून सुरुवातीला नाडी जास्त खरं सांगते. ६० किलोच्या माणसात साधारण ४.२ लिटर रक्त असतं. त्यातलं १५ टक्के, म्हणजे ६०० मिलीच्या आसपास, जाईपर्यंत बीपी नॉर्मल राहू शकतं. पुढे नाडी वाढते, वरचं आणि खालचं बीपी एकमेकांजवळ येतं, हातपाय गार पडतात, लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलीच्या खाली जाते. ३० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर वरचं बीपी कोसळतं. नाडीला वरच्या बीपीने भागा. भागाकार ०.९ च्या पुढे गेला की बेडजवळ थांबायचं. मात्र मेटोप्रोलॉलसारखी नाडी संथ करणारी गोळी चालू असलेल्या पेशंटची नाडी ८५ वर अडकून राहते, तिच्यावर विसंबू नये. एपिड्युरलमुळे, म्हणजे पाठीत नळी घालून दिलेल्या वेदनेच्या औषधामुळे, बीपी आधीच खाली असेल तर तोही आकडा फसवतो.

आणखी एक साधा हिशोब. एक पिशवी रक्तपेशी दिल्या की हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. दोन पिशव्या देऊनही ८.६ चं ८.७ च झालं, तर त्या दोन पिशव्या कुठेतरी गेल्या आहेत.

रक्त जातं कुठे? ऑपरेशननंतर तीन-चार दिवस आतडं झोपलेलं असतं. रक्त आत साचतं, पुढे सरकत नाही. पोट फुगतं, आणि ते गॅसमुळे फुगलंय असं समजलं जातं. पोटाच्या पोकळीत रक्तस्राव असेल तर ड्रेनमध्ये दिसायला हवं, पण ड्रेनच्या तोंडाशी रक्ताची गाठ बसली की नळी बंद होते. रिकामी ड्रेनची पिशवी हा रक्तस्राव नसल्याचा पुरावा नाही. आदल्या रात्री १५० मिली लाल आणि सकाळपासून अचानक शून्य, अशी नोंद दिसली तर काळजी वाढायला हवी. उलट कापलेल्या आतड्याच्या टोकांचा जोड स्टेपलरने केला असेल तर पहिल्या एक-दोन शौचांत थोडं काळपट जुनं रक्त, एखादी गाठ येणं अपेक्षित असतं. ताजं लाल, पुन्हापुन्हा आणि सोबत वाढती नाडी, हे अपेक्षित नाही. शौचातल्या सुप्त रक्ताची तपासणी या दिवसांत पाठवूच नये. ऑपरेशनचंच रक्त आत असतं, ती पॉझिटिव्ह येणारच.

जोडातून रक्त का येतं

स्टेपलर आतड्याच्या दोन्ही भिंती चिमटून बारीक टायटॅनियमच्या पिना मारतो आणि त्या इंग्रजी 'बी' अक्षरासारख्या वळतात. 'बी'च्या दोन पोटांत जागा राहते ती मुद्दाम, कारण कडेला रक्त पोचलं नाही तर जोड सडेल. म्हणजे जोडाच्या कडेला थोडं रक्त वाहतं राहावं हीच रचना आहे. तोल बिघडतो तो पिनेची उंची चुकल्यावर. निळ्या काडतुसातल्या पिना ३.५ मिमी उंच असतात आणि बंद झाल्यावर साधारण १.५ मिमी होतात, पांढऱ्यातल्या २.५ च्या १ मिमी, हिरव्यातल्या ४.८ च्या २ मिमी. लहान आतड्याच्या पातळ भिंतीला हिरवं काडतूस लावलं तर पिना बंद होतात पण भिंत दाबलीच जात नाही, आणि कडेच्या सगळ्या बारीक वाहिन्या पाझरत राहतात. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्याचा, म्हणजे मेसेंटरीचा, तुकडा पिनांच्या रांगेत अडकला तर सरळ धमनीच टोचली जाते.

यावर खरा उपाय टेबलावरच असतो. स्टेपलर मिटल्यावर लगेच न मारता पंधराएक सेकंद थांबायचं, भिंतीतलं पाणी बाजूला सरतं. मारल्यावर उरलेलं तोंड शिवण्याआधी आतड्याच्या आत डोकावून रांग पूर्ण बघायची. ठिपका गळत असेल तर ३-० किंवा ४-० च्या विरघळणाऱ्या धाग्याचा एक टाका घ्यायचा. तिथे कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने डाग देणं, लावू नये. धातूच्या पिनांमधून उष्णता पसरते, भिंत भाजते आणि चार-पाच दिवसांनी तिथेच जोड फुटतो. आत डोकावायला दोन मिनिटं लागतात, आणि ती वाचवण्यात काहीच शहाणपण नाही असं मला ठामपणे वाटतं.

पहिले काही तास

दिलाशाची गोष्ट म्हणजे बहुतेक जोडांचा रक्तस्राव पोट न उघडता थांबतो. पण तो आपणहून थांबेल म्हणून नुसतं बसून राहायचं नसतं. दोन्ही हातांत जाड सुया, १८ नंबरची हिरवी किंवा १६ ची करडी. रक्तगट, क्रॉसमॅच, किमान दोन पिशव्या तयार. एनॉक्सापॅरिन, म्हणजे गाठी टाळायला दिलेलं रक्त पातळ करणारं इंजेक्शन, बंद. त्याचा अंमल बारा तासांच्या आसपास राहतो, किडनी कमजोर असेल तर जास्त. शेवटचा डोस आठ तासांच्या आतला असेल तर दर १ मिलीग्रॅमला १ मिलीग्रॅम प्रोटामिन हा उतारा देता येतो, पण ते परिणाम पूर्ण पुसत नाही. पायातल्या गाठी टाळण्यासाठी मग हवेचे दाबपट्टे लावायचे. डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक बंद करून वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि लागेल तसं ट्रॅमाडॉल.

मग गोठण्याच्या तपासण्या. इथे एक गोष्ट फार निसटते: पाच-सात दिवस तोंडाने काही नाही, वर जोरदार अँटिबायोटिक, कधी कावीळही. अशा पेशंटमध्ये व्हिटॅमिन के संपतं आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) २ च्या वर जातो. जोड उत्तम असतो, रक्तच गोठत नसतं. व्हिटॅमिन के १० मिलीग्रॅम सलाईनमधून हळूहळू दिलं की सहा ते बारा तासांत फरक दिसतो. तोवर थांबणं शक्य नसेल तर प्लाझ्मा. प्लेटलेट ५०,००० च्या वर ठेवायच्या. पेशंट गार पडू द्यायचा नाही. आणि चार पिशव्या चढल्या असतील तर कॅल्शियम बघायचं, कारण पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि त्याशिवाय रक्त गोठत नाही.

रक्त किती द्यायचं? पेशंट स्थिर असेल तर हिमोग्लोबिन ७ च्या खाली, हृदयविकार असेल तर ८ च्या खाली. रक्त धो धो वाहतंय तेव्हा मात्र आकड्याची वाट बघायची नाही. रक्ताची गुठळी टिकवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचं इंजेक्शन आपल्याकडे जवळपास प्रतिक्षिप्त क्रियेसारखं दिलं जातं. २०२० मध्ये हॉल्ट-आयटी या चाचणीत पचनमार्गातून रक्त जाणाऱ्या सुमारे १२,००० रुग्णांवर ते तपासलं गेलं. मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांतल्या गाठी आणि आकडीचे झटके मात्र वाढले. नुकतंच ऑपरेशन झालेल्या, बेडवर पडून असलेल्या माणसाला शिरांतल्या गाठींचा धोका आधीच असतो. त्यामुळे "देऊन तर बघू" हा विचार इथे मला पटत नाही.

रक्त जोडातूनच येतंय हेही गृहीत धरू नये. ऑपरेशनच्या ताणाने आणि वेदनाशामकांनी जठरात जखमा होतात. नाकातल्या नळीतून स्वच्छ पाणी आलं म्हणून जठरापलीकडचं ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, संशयातून बाहेर पडत नाही. पित्त आलं आणि तरीही रक्त नाही, तर ती शक्यता मागे पडते. युरिया वाढलेला आणि क्रिएटिनिन मात्र तेच असेल तर रक्त वरच्या भागात पचतंय असं समजून आधी तोंडातून दुर्बीण घालावी.

जोड गुदाशयाजवळ असेल तर खालून दुर्बीण. ताज्या जोडावर ती घालायला सगळेच कचरतात, पण अनुभवी हातात, साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड किंवा नुसतं पाणी वापरून, कमी दाबाने ती करता येते. आधी वॉर्डात एनिमा मात्र देऊ नये. आंधळेपणाने सरकवलेलं नळीचं टोक थेट जोडात घुसू शकतं. धुवायचं ते दुर्बिणीतूनच. गळणारी जागा सापडली की क्लिप लावावी, गरज पडल्यास १:१०,००० अॅड्रिनलिन आधी टोचून. डाग देणं टाळावं, कारण तेच: धातू, उष्णता, पातळ भिंत.

जोड लहान आतड्यात असेल आणि पेशंट स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी. मिनिटाला ०.३ ते ०.५ मिली रक्त वाहत असेल तर ती पकडते. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, "पोटाचा सीटी" म्हणून पेशंटला तोंडाने डाय, म्हणजे सीटीत पांढरं दिसणारं औषध, पाजला जातो. मग आतडं आतून पांढरं दिसतं आणि त्या पांढऱ्यात धमनीतून सांडलेला पांढरा ठिपका शोधणार कसा? तोंडाने काहीही द्यायचं नाही. दुसरी, डाय देण्याआधीचे साधे फोटो वगळले जातात. स्टेपलरच्या पिनाही पांढऱ्याच दिसतात. साध्या फोटोत नसलेला, धमनीच्या फेजमध्ये उमटलेला आणि शिरेच्या फेजमध्ये पसरलेला ठिपका म्हणजे रक्त. रेडिओलॉजिस्टला फोन करून हे स्वतः सांगावं, फॉर्मवर विसंबू नये. आणि पेशंट रक्त टाकतोय तेव्हाच न्यावं. रक्तस्राव थांबून थांबून होतो, सकाळच्या स्लॉटची वाट बघितली की फोटो कोरे येतात.

ठिकाण कळलं की जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन त्या वाहिनीत बारीक कॉइल टाकता येते. नळी शेवटच्या बारीक फांदीपर्यंत गेली पाहिजे. ताज्या जोडाचा दोन्ही बाजूंचा थोडा रक्तपुरवठा आधीच कापलेला असतो. मोठी फांदी बंद केली तर रक्त थांबेल आणि जोड मरेल. पुढचे पाच दिवस पोट, ताप आणि लॅक्टेट (भागाला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) यांवर डोळा ठेवायचा. पेशंट सावरतच नसेल तर या कशातही वेळ न घालवता थेट ऑपरेशन थिएटर.

पाचव्या दिवसानंतर पहिल्यांदाच रक्त आलं, सोबत ताप किंवा वाढलेला सीआरपी (शरीरातल्या दाहाचं माप) असेल, तर ती निव्वळ रक्तस्रावाची केस समजू नये. जोड फुटून बाहेर पू झालाय आणि त्याने धमनीची भिंत खाल्लीय अशी शक्यता असते. पहिल्यांदा थोडंसंच येतं, थांबतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि काही तासांनी धबधबा होतो. त्या छोट्या पहिल्या रक्ताला सीटी करावाच.

महिन्यांनी, वर्षांनी

दुसरा प्रकार अगदी वेगळा. ऑपरेशन जुनं, टाके विसरलेले, आणि माणूस जिना चढताना थांबतो. हिमोग्लोबिन ७.४, फेरिटिन (लोहसाठ्याचं माप) ६. रोज १० मिली, म्हणजे दोन चमचे, रक्त आतड्यात गेलं तर शौचाचा रंग बदलत नाही. काळी, डांबरासारखी चिकट संडास व्हायला एका वेळी ५० ते १०० मिली लागतं. हिमोग्लोबिन १२ असताना १० मिली रक्तात सुमारे ४ मिलीग्रॅम लोह असतं, अन्नातून दिवसाला शोषलं जातं १ ते २. रोजची दोन-तीन मिलीग्रॅमची तूट. कोठार रिकामं होईपर्यंत महिने जातात आणि माणूस फिकटपणाला सवयीचा होतो.

शौचातली सुप्त रक्ताची तपासणी इथेही तोकडी आहे. जुनी ग्वायक पद्धत व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी खोटी निगेटिव्ह येते. नवी 'फिट' तपासणी हिमोग्लोबिनमधलं मानवी ग्लोबिन हे प्रथिन शोधते, पण लहान आतड्यातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं. लोह कमी आहे आणि तपासणी निगेटिव्ह आहे, म्हणून शोध थांबवू नये.

सगळ्यात आधी हवा तो ऑपरेशनचा कागद. डिस्चार्ज कार्डावरचं "आतड्याचं ऑपरेशन" एवढं पुरत नाही. काय कापलं, किती सेंटिमीटर, काय कशाला जोडलं, पिना की धागा, हे समजल्याशिवाय दुर्बिणीची तारीख घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण बघा. अॅसिड रोखणारी प्रोटॉन पंपाची औषधं (पीपीआय) येण्यापूर्वी अल्सरसाठी व्हेगस नर्व्ह कापून जठर थेट लहान आतड्याला जोडत, जीजे म्हणून. तशी ऑपरेशनं झालेली मंडळी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. या रचनेत जठरातून दोन वाटा फुटतात. अन्न पुढच्या वाटेने जातं. दुसरी वाट मागे ड्युओडेनमकडे वळते, तिथून फक्त पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो. आता या माणसाला गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल दिली. २६ मिमी लांब, ११ मिमी जाड, सेकंदाला दोन फोटो काढणारी. ती बहुधा अन्नाच्या वाटेने जाते, मागच्या वाटेत शिरत नाही. रिपोर्ट येतो "नॉर्मल". तो नॉर्मल फक्त कॅप्सूलने पाहिलेल्या भागापुरता असतो. मागच्या वाटेसाठी लांब दुर्बीण किंवा बलूनची एन्टेरोस्कोपी (फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोल नेलेली दुर्बीण) लागते, आणि करणाऱ्याला ती वाट अस्तित्वात आहे हे आधी माहीत असावं लागतं. लठ्ठपणाच्या बायपासमध्ये तर अख्खं उरलेलं जठर असं नजरेआड असतं.

जीजेच्या किंवा बायपासच्या जोडावर अल्सर होतो तो आतड्याच्या बाजूला, जोडाच्या अगदी कडेला. जठरातलं अॅसिड सोसायची त्या भिंतीची तयारी नसते. विडी-सिगारेट, गुडघ्यांसाठी रोजची वेदनाशामक गोळी, हेलिकोबॅक्टर हा जठरातला जंतू, आत राहिलेला न विरघळणारा धागा, ही कारणं एकेक करून शोधायची. दुर्बिणीत धाग्याचं टोक दिसलं तर कापून काढावं. बायपासच्या पेशंटला पीपीआयची कॅप्सूल उघडून आतले दाणे द्यावेत. कवच विरघळायला लागणारा वेळ छोट्या जठरात मिळत नाही, उघडून दिल्यावर अल्सर लवकर भरतो. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण.

लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर, टीबी किंवा क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारासाठी कापलेल्या भागात, वर्षांनंतरही अल्सर निघतो. कोलोनोस्कोपी करताना जोड दिसला म्हणून परत फिरू नये. जोडाच्या पलीकडे लहान आतड्यात १०-२० सेंटिमीटर जावं आणि बाजूला बाजू जोडून केलेल्या जोडातले कोपरे बघावेत. बायोप्सी टीबीसाठीही पाठवावी, जीनएक्स्पर्ट या टीबीच्या जंतूंच्या जनुकीय तपासणीसह. आपल्याकडे क्रोन्स आणि टीबी एकमेकांचे मुखवटे घालून येतात, आणि टीबी नजरेतून निसटलेल्या पेशंटला स्टेरॉइड देणं महागात पडतं. जोड अरुंद झाला असेल तर तिथे कॅप्सूल अडकते. म्हणून आधी सीटी एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा खास सीटी) किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल. खरी कॅप्सूल दोन आठवड्यांत बाहेर पडली नसेल तर एक्स-रे काढावा, आणि ती आत असेपर्यंत एमआरआय करू नये. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद. काळा थर बसला की कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

कोलोस्टोमी किंवा इलिओस्टोमी, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, असेल तर आधी पिशवी काढून उघड्या डोळ्यांनी बघा. कडेच्या त्वचेवर जांभळट जाळं असेल आणि पेशंटला लिव्हरचा आजार असेल तर त्या फुगलेल्या शिरा आहेत. बोटाने दाबून रक्त थांबतं, पण खरा इलाज लिव्हरकडून येणाऱ्या दाबावर करावा लागतो.

कधीकधी रक्त जातच नसतं. लोह शोषलं जातं मुख्यतः ड्युओडेनममध्ये, आणि बायपासमध्ये तीच जागा वगळलेली असते. फरक कळण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे लोह शिरेतून पूर्ण भरून टाकणं. हिशोब असा: वजन गुणिले हव्या असलेल्या आणि आत्ताच्या हिमोग्लोबिनमधला फरक, गुणिले २.४, अधिक ५००. ५० किलो वजन, हिमोग्लोबिन ८, लक्ष्य १५: ८४० अधिक ५००, म्हणजे १३४० मिलीग्रॅम. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलीग्रॅम आणि तेही वजनाच्या मर्यादेत, उरलेलं आठवड्याने. किंवा आयर्न सुक्रोज २०० च्या हप्त्यांनी. कार्बोक्सिमाल्टोजनंतर फॉस्फेट उतरू शकतं. हिमोग्लोबिन चढूनही अंगदुखी आणि थकवा वाढला तर ते तपासा. मग दर महिन्याला, त्याच लॅबमध्ये, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. सहा महिने टिकलं तर अडचण शोषणाची. दोन-तीन महिन्यांत फेरिटिन पुन्हा तळाला गेलं तर रक्त जातंय, कॅप्सूल काहीही म्हणो.

आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक कापलेलं असेल तर बी-१२ सोबतच बघा. लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी आकार, एमसीव्ही, ८८ येतो आणि रिपोर्टवर तारांकन पडत नाही. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारांतल्या फरकाचं माप, वाढलेला असतो. ६० सेंटिमीटरहून जास्त टोक गेलं असेल तर १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, पहिल्या भरपाईनंतर एक ते तीन महिन्यांनी, आयुष्यभर.